मानपत्रातलं दुसरं नाव

जुन्नर
२ डिसेंबर २०२४

चि. तहरीम,

अब्बाची दुआ. जावईबापू शाहनवाज आणि सफा खुशाल असतील. मालेगावात थंडी कशी आहे? इथे सकाळी नऊ वाजले तरी शिवनेरी धुक्याबाहेर येत नाही. काल ओट्यावर बसून पाचवीच्या पुस्तकातली पहाटेची कविता म्हणत होतो. दोन कडवी झाली आणि अडलो. तू घरात असायचीस तेव्हा मी मुद्दाम अडायचो आणि स्वयंपाकघरातून तू पुढचं कडवं उचलायचीस. आता खराच अडतो.

पत्र पाहून नवल करशील. फोन आहे, पण तू माझ्याशी बोलतेस ती ईदला, आणि तेही "तब्येत कशी आहे" एवढंच. कागदावर मला जरा जास्त वेळ मिळतो.

बातमी अशी की तुझ्या वर्गातल्या ज्ञानेश्वरचा गावातर्फे नागरी सत्कार ठरला आहे. घाटघरच्या सावळेरामचा मुलगा. धान्यातली ओल मोजायचं त्याचं यंत्र आता कुठल्या कुठल्या देशांत गेलंय. पोतं न उघडता, आत टोचून ओल सांगणारं असं खिशातलं यंत्र आधी कुणी केलंच नव्हतं, असं पेपरात आलंय. बावीस तारखेला बाजारपेठेतल्या सभागृहात शाल, श्रीफळ, फेटा, आणि मानपत्र.

मानपत्र म्हटलं की गाव अजून माझंच दार वाजवतं. समितीचा चिटणीस सुनील, तुमच्या मागच्या वर्गातला, तो आला होता. म्हणाला, "सर, लई जड शब्द नकोत. पण टाळ्या पडल्या पाहिजेत."

मी होकार दिला. वाटलं, कळवावं. तूही त्या यंत्राला मदत केली होतीस, हे मी विसरलेलो नाही. सफाला घेऊन आलीस तर बरं वाटेल. तिला कविता आवडतात का?

तुझा
अब्बा


जुन्नर
९ डिसेंबर २०२४

चि. तहरीम,

तुझं पत्र आलं नाही, पण उत्तर आलं. काल इशरतनं, तुझ्या आईनं, फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता भाजी निवडत म्हणाली, "तहरीम विचारते, मदत म्हणजे मी काय केलं? टाचण्या धरल्या?"

मी चष्मा पुसू लागलो. इशरत म्हणाली, "कविता असती तर लगेच सुचलं असतं तुम्हाला."

तर लिहितो. तू टाचण्या धरल्या नव्हत्यास.

तुम्ही दहावीत होता. १९९६ सालचा डिसेंबर. ज्ञानेश्वरचे वडील आणि आई सखूबाई घाटघरहून भाताची पोती घेऊन बाजाराला आले होते. व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला आणि म्हणाला, "ओल आहे." बस, भाव पडला. त्या दोन शब्दांवर डोंगरातल्या माणसाकडे कधीच उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरनं वर्गात वहीच उघडली नाही. तू त्याला विचारलंस, त्यानं सांगितलं, आणि संध्याकाळी तू घरी येऊन मला म्हणालीस, "अब्बा, दादामियाँ कागदाची ओल कशी बघायचे?"

माझे वालिद या गावातले शेवटच्या काही कागद करणाऱ्यांपैकी. ओले ताव भिंतीला लावून वाळवायचे आणि उतरवण्याआधी त्यांना गाल लावायचे. गार लागला तर अजून ओल आहे. मी तुला ते सांगितलं, आणि सांगता सांगता त्या घरातल्या ओलसर वासात हरवून गेलो. तू हरवली नाहीस. तू म्हणालीस, "गाल पोत्याच्या आत जात नाही. तार जाईल."

सायकलच्या चाकाच्या दोन तारा, बॅटरीचे सेल, आणि बंद पडलेल्या मीटरचा काटा. जोडाजोड ज्ञानेश्वरनं केली, त्याचा हात चांगला होता. पण कुठली तार किती लांब, काटा कुठे आला की भात वाळला म्हणायचा, हे तू ठरवलंस. भाताच्या ओंजळी कमीजास्त ओल्या करून तू वहीत आकडे मांडत होतीस. ती वही मी पाहिली आहे.

आणि फॉर्म. विज्ञान प्रदर्शनाच्या फॉर्मवर विद्यार्थ्यांच्या नावांसाठी दोन ओळी होत्या. मी तुला सांगितलं, एकच आहे. दुसऱ्या ओळीवर मी आडवी रेघ मारली.

पेठ गावात प्रदर्शन भरलं तेव्हा इतर शाळांच्या पाट्यांवर दोन दोन नावं होती. तू त्या एकेक वाचत गेलीस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. परतीच्या एसटीत पोरं चालीवर कविता म्हणत होती, मी पुढच्या सीटवरून ताल धरला होता. तुझा आवाज त्यात नव्हता. त्यानंतर तू घरात कधी कविता म्हटली नाहीस. मला वाटलं, वाढत्या वयात असं होतं.

का केलं, ते तुला माहीत असेलच. पेपरात तुमची नावं शेजारी शेजारी छापून आली असती. तहरीम आणि ज्ञानेश्वर. लोक यंत्राचं वाचणार नव्हते. तुला चांगल्या घरांतून विचारणा होऊ लागली होती. मी स्वतःला सांगितलं, हे तिच्यासाठी.

मानपत्रात यावेळी नीट लिहीन.

अब्बा


जुन्नर
१६ डिसेंबर २०२४

चि. तहरीम,

मानपत्र झालं. चार दिवस लागले. पूर्वी एका बैठकीत व्हायचं. "सह्याद्रीच्या कुशीत" वगैरे लिहिलं आणि मग खोडलं, कारण इशरतनं वाचायला लावलं आणि म्हणाली, "घाटघरला कुशी नाही, कडा आहे." त्यानंतर साधं लिहिलं. मधोमध ही ओळ घातली: "या यंत्राची पहिली कल्पना याच गावची लेक तहरीम हिची, तिनं दाखवलेल्या वाटेवर ज्ञानेश्वर पुढे चालत गेले."

सुनील न्यायला आला. उभ्यानंच वाचलं. मग बसला. चहा घेतला, पुन्हा वाचलं.

"सर, ही ओळ काढावी लागेल."

"का रे?"

"दोन नावं जवळ आली की लोक वाचत नाहीत, जोडतात."

"ती चव्वेचाळीस वर्षांची बाई आहे, सुनील. पोरगी कॉलेजात जाते तिची."

"मला कळतंय, सर. बाकीच्यांना कोण समजावणार? आताचे दिवस बघताय ना. कुणीतरी फोटो काढील, मोबाईलवर फिरवील, वर चार शब्द आपले जोडील. तुमच्या मोहल्ल्यातले तुम्हालाच विचारतील आणि आमच्याकडचे मला. तुमच्याच भल्याचं सांगतोय राव."

तो वाईट मुलगा नाही. त्याला निबंधात नेहमी चांगले गुण असायचे. तो बोलत होता आणि मला माझाच आवाज ऐकू येत होता, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा. शब्दही तेच. तुझ्याच भल्यासाठी. मी भांडायला हवं होतं. मी म्हटलं, "बघ बाबा, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

नंतर ज्ञानेश्वरचा पुण्याहून फोन आला. सुनीलनं त्याला सांगितलं असणार. तो म्हणाला, "सर, तिचं नाव असतं तर मला आनंदच झाला असता. पण आता कुठल्या तोंडानं घालायचं? पेटंटच्या वेळी मी पत्र टाकून विचारलं होतं तिला. तिनंच लिहून कळवलं, या यंत्राशी माझा संबंध नाही, पुन्हा पत्र पाठवू नये. जपून ठेवलंय मी ते. लई लागलं होतं तेव्हा."

मी म्हटलं, जुनी गोष्ट झाली.

तुला असं काही पत्र लिहिल्याचं आठवतं का? १९९९ साल, लग्नाची धावपळ होती. तुझ्या हातून लिहिलं गेलं असेल आणि तू विसरलीही असशील. लहान होतीस.

इकडे धुकं अजून तसंच आहे. सभागृहात माइकची व्यवस्था चांगली आहे म्हणतात. येणार असशील तर आईला कळव.

अब्बा


जुन्नर
२३ डिसेंबर २०२४

तहरीम,

मागच्या पत्रात तुला जे विचारलं, ते आठवायचा प्रयत्न करू नकोस. तू काही विसरलेली नाहीस. ते पत्र तू लिहिलंच नव्हतंस.

ज्ञानेश्वरचं पाकीट ऑगस्ट महिन्यात आलं. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता. वर तुझं नाव होतं, मी फोडलं. त्यानं चार पानं लिहिली होती. त्यात सगळं यंत्राचंच होतं. नवा काटा, नवी तार. शेवटी लिहिलं होतं, पेटंटचा अर्ज करतोय, दोघांचं नाव घालायचं आहे, तुझी सही लागेल. तुझ्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या होत्या. आतल्या खोलीत तुझी आई आणि तू कपडे मोजत होता.

मी शाळेत जाऊन उत्तर लिहिलं, मधल्या सुट्टीत. तुझ्या अक्षरात. तुझा हात धरून पाटीवर बाराखडी मीच गिरवून घेतली होती, त्यामुळे तुझं अक्षर काढायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. खाली तुझी सही केली.

त्यानंतर तू मला तीनदा विचारलंस, "पुण्याहून काही आलं का?" तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तू विचारलंस तेव्हा मेंदी ओली होती तुझ्या हातावर. मग तू मालेगावला गेलीस. इशरत सांगते, गल्लीतले सगळे मिक्सर आणि शिलाई मशिनी तूच दुरुस्त करतेस. ती हे अभिमानानं सांगते. मला ते ऐकवत नाही.

पंचवीस वर्षं तू समजत राहिलीस, ज्ञानेश्वर तुला विसरला. तो समजत राहिला, तूच त्याला झिडकारलंस. मधे मी होतो, मानपत्रं लिहीत.

आता काल काय झालं ते. सभागृह भरलं होतं. ज्ञानेश्वरचे केस पांढरे झालेत, फेटा सारखा डोळ्यावर येत होता. सखूबाई शेजारी बसली होती. सावळेराम गेला, पण म्हातारी घाटघरहून नातवाच्या गाडीत आली, नवं लुगडं नेसून. इशरत बायकांमध्ये तिसऱ्या रांगेत.

मानपत्र मीच वाचायचं होतं. फ्रेममधला छापील कागद हातात दिला. तुझी ओळ होती तिथे समितीनं लिहिलं होतं: "केवळ एकट्याच्या बळावर." मी तिथवर आलो. मला वाटलं होतं, तिथे आलो की कागद सोडून बोलेन. घरी मनात शंभरदा म्हणून पाहिलं होतं. पण "केवळ" म्हटलं आणि तिथेच थांबलो. तुझं नाव येईना, आणि ते छापील शब्दही येईनात. लोकांना वाटलं चक्कर आली. सुनीलनं खुर्ची सरकवली, कुणी पाणी आणलं, आणि पुढचं त्यानं वाचून टाकलं. टाळ्या पडल्या.

मी बसून राहिलो. एवढ्यावर सगळं मिटलं असतं, तहरीम. मी मिटूही दिलं असतं.

मग सखूबाईला साडी-चोळी दिली आणि सुनीलनं माइक तिच्यापुढे धरला, "आई, दोन शब्द बोला." तिनं माइककडे बघितलंच नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, तुमची पोरगी न्हाई आली? तिनं माझ्या पोत्यात पयल्यांदा तार खुपसली व्हती. मी म्हनलं, पोरी, पोतं फाटंल. ती म्हनली, मावशी, फाटलं तर शिवून देते. कुठं दिलीय ती?"

माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

मी उठलो. म्हटलं, "ती आली नाही. मीच तिला येऊ दिलं नाही. अठ्ठावीस वर्षं झाली." हसावं की काय करावं, लोकांना कळेना. मग मी ज्ञानेश्वरकडे बघून म्हटलं, "तुझ्याजवळ जे पत्र आहे ते तिचं नाही. मी लिहिलंय ते. सहीसुद्धा माझी."

त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला. सखूबाई त्याला विचारत होती, "काय म्हनत्यात रं गुरुजी?" तो फेट्याचा पदर गुंडाळत राहिला. आणि सुनीलनं घाईघाईनं राष्ट्रगीत लावलं. सगळे उभे राहिले, मीही. ते संपल्यावर लोक माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेले.

इशरत माझ्यापुढे चार पावलं चालत घरी आली. "जेवायला वाढू का?" विचारलं. त्यानंतर बोललेली नाही.

रहमतुल्ला


जुन्नर
२७ डिसेंबर २०२४

तहरीम,

सोबतचं पत्र चार दिवस घरातच पडून आहे. सोमवारी टपालात टाकायला निघालो होतो. इशरतनं दारात अडवलं. "ते माझ्याकडे द्या. तुमच्या हातून जाणाऱ्या-येणाऱ्या पत्रांवर माझा भरवसा नाही." सभेच्या रात्रीनंतरचं तिचं पहिलं वाक्य. उद्या पहाटेच्या एसटीनं ती ही दोन्ही पत्रं घेऊन तुझ्याकडे निघाली आहे. मी विचारलं, किती दिवस. ती म्हणाली, "पोरगी ठेवील तितके."

काल ज्ञानेश्वर आला होता. एकटाच. मी उठायला लागलो तर म्हणाला, "बसा, सर." पाया पडला नाही. दरवेळी पडतो.

त्यानं ते जुनं पत्र टेबलावर ठेवलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपलेलं. तीन ओळी आणि सही. मला वाटलं होतं, बघितल्यावर अक्षर माझं दिसेल. दिसलं नाही. तुझंच दिसत होतं.

"मी हे पत्र किती वेळा वाचलंय, सर," तो म्हणाला. "कुठं भाषण असलं, कुणी विचारलं की कल्पना कशी सुचली, तर मी सांगायचो, आईच्या पोत्यावरून. तहरीमचं नाव तोंडावर यायचं आणि मला हे आठवायचं. वाटायचं, तिला नकोय तर कशाला. नंतर नंतर नाव तोंडावर यायचंही बंद झालं. तेवढं मात्र तुमच्यावर घालता येणार नाही. ते माझं."

मी त्याला म्हटलं, तू मला काहीही बोल.

"बोलायला आलो होतो. घाटघरहून येताना आपटाळ्यापासून मनात जुळवत आलो. इथं तुमच्या भिंतीवरचा तो शाळेचा फोटो बघितला आणि विसरलो." मग म्हणाला, "मी तिला घमेंडखोर समजत होतो, सर. पंचवीस वर्षं. एवढं सोपं कसं वाटलं तुम्हाला?"

सोपं होतं, हे मी त्याला सांगितलं. तेच सगळ्यात वाईट होतं, तेही सांगितलं. मधली सुट्टी वीस मिनिटांची होती, आणि चहालाही वेळ उरला होता.

इशरत दारातून ऐकत होती. तिनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. माझ्यापुढे नाही.

त्यानं एक टाइप केलेला कागद आणला आहे. पेटंटची मुदत केव्हाच संपली, त्यातून आता कुणाला काही मिळणार नाही, असं त्यानं आधीच सांगून टाकलं. यंत्राच्या पाठीवर पत्र्याची बारीक पट्टी असते, तिच्यावर त्याचं नाव असतं. पुढच्या खेपेपासून त्याला दोन नावं घालायची आहेत, तुझं आधी. जिथे जिथे त्यानं लिहिलंय, सांगितलंय, तिथे तो दुरुस्ती पाठवणार आहे. पण तू हो म्हटल्याशिवाय नाही. यंत्राची सुरुवात कशी झाली ते कागदावर पाच ओळींत आहे. त्यानं खाली सही केली आहे. शेजारची जागा मोकळी आहे.

"तिचा फोन नंबर द्या," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मी विचारून सांगतो."

"तुम्ही नाही विचारायचं," इशरत म्हणाली. तेवढंच म्हणाली, पण आम्ही दोघेही वर्गातल्या पोरांसारखे सरळ बसलो. मग ती त्याला म्हणाली, "नंबर मी तिला विचारल्याशिवाय देणार नाही, बेटा. कागद दे, मी नेते."

तो कागद या पत्रांबरोबर आहे. त्याचं एक पाकीटही आहे, तुझ्या नावाचं. ते इशरतनं माझ्या हातात येऊच दिलं नाही, थेट आपल्या पिशवीत ठेवलं.

गावात काय चाललंय ते तुझ्या कानावर येईलच. दोन जण माझ्याशी बोलत नाहीत. एक जण नको इतकं गोड बोलतो. सुनीलनं मानपत्राची फ्रेम परत मागवली, मजकूर बदलायचा की नाही यावर समितीची बैठक आहे म्हणे. मला बोलावलेलं नाही, ते योग्यच आहे. मोबाईलवर काही फिरतंय म्हणतात, मी बघितलेलं नाही. तुमच्या मोहल्ल्यापर्यंत ते आलं आणि तुला किंवा सफाला कुणी काही बोललं, तर तेही माझ्याच खात्यावर धर. शाहनवाज समजूतदार आहे. त्याला हे पत्र वाचू द्यायचं की नाही, ते तुझं तू बघ.

सही केलीस तर तुझं नाव घाटघरच्या वखारीपासून कुठल्या कुठे जाईल. नाही केलीस, कागद फाडलास, ज्ञानेश्वरचं पाकीट न उघडता परत पाठवलंस, तर तेही तुझंच उत्तर असेल, आणि ते तुझ्या अक्षरात असेल.

या पानावर मधे एक ओळ गिचमिड खोडलेली दिसेल. तिथे मी लिहिलं होतं की माझं ऐकशील तर सही कर. लिहून झाल्यावर वाचलं आणि खोडलं. चाळीस वर्षं मुलांना खाडाखोडीसाठी छडी दाखवली, आणि पोरीला पाठवायच्या पत्रात हे असं. तेवढ्याबद्दल माफ कर. बाकी कशाची माफी मी या पत्रात मागत नाही.

रहमतुल्ला